पाचवी पिन

मोबाइल खाली ठेवा बघू. आणि जिन्यातला दिवा राहू द्या चालू, नाहीतर मध्येच कुणाला तरी खाली सोडायला जावं लागतं. मागच्या खेपेला दाढीमिश्या फुटलेल्या एका बहाद्दराला मी हाताला धरून खाली नेलाय. नाव घेत नाही, तो इथेच बसलाय.

आज सांगतो ती खुर्चीमास्तरांची गोष्ट. तुमच्यातल्या थोरल्यांनी त्यांना पाहिलंय. रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचे, हातात काठी, पण चालायचे माझ्या दोन पावलं पुढे. मी स्वतः त्या रात्री तिथे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पण मास्तर थापा मारणाऱ्यातले नव्हते. चहात साखर किती घालू विचारलं, तर आधी चमचा केवढा आहे ते बघून उत्तर द्यायचे. आणि त्यांनी जे सांगितलं नाही ते त्यांच्या मुलीने सांगितलं. ती कॉलेजात गणित शिकवते. भुताखेताचं काही निघालं की तिला हसू यायचं. यायचं, म्हणतोय मी.

तर, फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. दुपारी चारच्या सुमाराला मास्तर आणि त्यांची मुलगी गाडी घेऊन एका जुन्या विमानतळाशेजारच्या विश्रामगृहावर पोचले. विमानतळ केव्हाच बंद पडलेला, धावपट्टीवर गुडघाभर गवत. विश्रामगृह तेवढं रंगवून नीट ठेवलेलं. शनिवार-रविवार तिथे मास्तरांच्या हवाई दलातल्या स्क्वाड्रनचं, म्हणजे तुकडीचं, संमेलन होतं. युद्धाला चोपन्न वर्षं झालेली. त्यातून उरलेली म्हातारी मंडळी, त्यांच्या बायका, मुलं, सुना मिळून साठेक माणसं शनिवारी सकाळी यायची होती.

मास्तर एक दिवस आधी आले, कारण त्यांच्याकडे एक काम होतं. भंगारात निघालेल्या एका विमानाची खुर्ची संयोजकांनी खटपट करून मिळवली होती. ती खालच्या हॉलमध्ये ठेवायची, लोकांना बघायला. तिला धुऊनपुसून माणसांत आणायला मास्तरांवाचून दुसरं होतं कोण? त्यांचं नावच मुळी असल्या खुर्च्यांवरून पडलेलं.

लढाऊ विमानात वैमानिक बसतो ती खुर्ची साधी नसते, बरं का. तिच्या पाठीमागे स्फोटक भरलेलं असतं. विमान पडायला लागलं की वैमानिकाने दोन मांड्यांमधली मूठ खेचायची. वरचं काचेचं झाकण उडतं, माणूस खुर्चीसकट आभाळात फेकला जातो आणि मग त्याची छत्री उघडते. आता ही खुर्ची जमिनीवरच उडाली तर? म्हणून तिच्यात पाच पिना अडकवलेल्या असतात. प्रत्येक पिनेला वीतभर लाल फीत. एक जरी पिन आत राहिली तरी खुर्ची मेली, मूठ कितीही ओढा.

या पिना काढायचं काम मास्तरांचं. ते शिडीवर उभे राहायचे, वैमानिकाला पट्ट्यांनी खुर्चीत बांधायचे, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या डोक्यामागची पाचवी पिन काढायचे. मग पाचही पिना पंजावर पसरून त्याच्यापुढे धरायच्या. त्याने त्या डोळ्यांनी मोजायच्या आणि तोंडाने "पाच" म्हणायचं. तो पाच म्हटल्याशिवाय शिडीवरून उतरायचं नाही. असा त्यांचा नेम होता आणि तो कधी मोडायचा नाही.

एकदा मोडला.

युद्धाचा नववा दिवस. मास्तरांचं वय तेव्हा बावीस. त्यांच्या विमानाचा वैमानिक उंच, मान लांब, म्हणून सगळे त्याला मागून बगळासाहेब म्हणायचे आणि त्यालाही ते ठाऊक होतं. बगळासाहेब सकाळी एक फेरी करून परत आले, आणि अकरा मिनिटांत त्याच विमानाने त्यांना पुन्हा वर जायचं होतं. भोंगा वाजतोय. खालून ओरडा चाललाय, घाई करा, घाई करा. मास्तरांनी पट्टे बांधले, पिना काढल्या, पंजा पसरायला वेळ नाही म्हणून मुठीतच फिती धरून पुढे केल्या. बगळासाहेबांचं लक्ष समोरच्या काट्यांवर. ते हसले आणि म्हणाले, "तू दाखवतोस म्हणजे पाचच असणार."

मास्तर उतरले. विमान गेलं. वीस मिनिटांनी सहा मैलांवर धूर दिसला.

संध्याकाळी मास्तरांनी पिनांची पिशवी उघडली. आत चारच होत्या.

रात्रभर ते टॉर्च घेऊन त्या डांबरावर गुडघ्यांवर रांगले. पडली असेल कुठेतरी, वाऱ्याने उडाली असेल. मिळाली नाही. पहाटे त्यांनी कोठारातून एक जादा पिन उचलली, पिशवीत टाकली आणि पिशवी पाच पिनांची केली. कुणी विचारलं नाही. चौकशी झाली, तिचा निकाल लागला, वैमानिकाने बाहेर पडायचा निर्णय घ्यायला उशीर केला. कागदावर एवढंच. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ते म्हणायचे, बगळासाहेब ऐन वेळी घाबरले, हातपाय गळाले. घरी त्यांची तेवीस वर्षांची बायको आणि पाच महिन्यांचा मुलगा. आणि मास्तरांनी तोंडातून ब्र काढला नाही. आपल्या बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. मला तर नाहीच.

बगळासाहेबांच्या बाई कधी संमेलनाला यायच्या नाहीत, पण तेवढ्याने मास्तर निर्धास्त नव्हते, तेही जायचे नाहीत. या वर्षी संयोजकांचा फोन आला, खुर्ची मिळालीय, तुम्ही पाहिजेच, आणि बरं का, या खेपेला बगळासाहेबांच्या बाईसुद्धा येतायत. मास्तरांनी दोन रात्री विचार केला. शहात्तर वर्षांचं वय. आता नाही सांगितलं तर ते पोटात घेऊनच जायचं. त्यांनी ठरवलं, सांगायचं. बाईंना सांगायचं की तुमच्या नवऱ्याने उशीर केला नाही, त्याची मूठ ओढली तरी काही होणारच नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

ठरवणं सोपं असतं हो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळा धीर सुटला.

त्यांनी खुर्ची पुसली, गंज खरवडला, सांध्यांना तेल दिलं. पट्टे मळकट होते ते सगळे सोडवून साबणाच्या पाण्यात धुतले आणि वरच्या मजल्यावर खोलीबाहेरच्या गॅलरीत वाळत घातले. स्फोटक तर भंगारातच काढून घेतलेलं, आता खुर्ची नुसतीच राहिली, लोखंड आणि गादी. ती एका लाकडी चौथऱ्यावर ठेवलेली, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. मग जेवताना ते मुलीला म्हणाले, "सकाळी सहाला निघू या."

"निघू या? अहो बाबा, कार्यक्रम दहाला सुरू होतोय."

"माझं काम झालं. छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय."

"मग आत्ताच डॉक्टरकडे जाऊ."

"तेवढं नाही गं. पण सहाला निघू."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. "कुणाची तरी भीती वाटल्यासारखं करताय. उधारी आहे का कुणाची?"

मास्तर हसले नाहीत. मुलीने बॅगा भरून दाराशी ठेवल्या आणि अकराला ती झोपली. झोपताना गॅलरीत पट्टे टपटप गळताना तिने पाहिलेले, हे लक्षात ठेवा.

मास्तरांच्या डोळ्याला डोळा लागेना. पावणेबाराला ते उठले. त्यांच्या डोक्यात एक बारीकसं काम राहिलेलं. उद्या पोरंटोरं त्या खुर्चीत चढून बसणार, ती चौथऱ्यावर डगमगते का, हे बघायचं राहून गेलं होतं. तसे ते वक्तशीर. पळून जाणारा माणूससुद्धा काम पुरं करून पळतो, अशातले. हॉलची किल्ली त्यांच्याकडेच होती. खाली गेले, दार उघडलं, भिंतीवरचा एक दिवा लावला. हॉल लांबलचक. एका बाजूला रचून ठेवलेल्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला उद्याच्या प्रदर्शनाची रिकामी टेबलं, पांढरी चादर घातलेली. मधोमध ती.

त्यांनी ती हलवून पाहिली. घट्ट होती. पण माणूस बसल्यावर? म्हणून ते बसले.

सात वर्षं त्यांनी या खुर्च्यांची सेवा केली, पण एकदाही कुठल्या खुर्चीत बसले नव्हते. जो उडतो त्यानेच बसायचं, खालच्यांनी नाही, असं त्यांच्यात मानायचे. पाठ टेकली. बरं वाटलं. त्यांनी मनाशी म्हटलं, झालं, आता उठू.

आणि उठता येईना.

आधी वाटलं पायाला गोळा आला. म्हातारपण, दुसरं काय. त्यांनी हात टेकून जोर केला. खांदे पुढे येईनात. मागून कुणी धरलेलं नाही, पुढे काही नाही... तरी येईनात.

मग आवाज आला.

खण.

लोखंडी शिडीच्या पायरीवर बूट पडल्याचा. मास्तरांनी तो हजारदा ऐकलेला, चुकायची सोयच नव्हती.

खण... खण...

शिडी कुठे होती तिथे? चौथरा वीतभर उंच. पण कुणीतरी चढत होतं. डाव्या बाजूने. आवाज खालून येत होता. फरशीच्याही खालून.

मास्तर पायऱ्या मोजत होते. त्यांच्या विमानाच्या शिडीला सात होत्या.

सातवी वाजली. आणि थांबली. त्यांच्या डाव्या कानाशी कुणाचा तरी श्वास लागला होता... धावत आलेल्या माणसासारखा.

मान वळवायचा त्यांनी प्रयत्न केला. वळेना.

उजव्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरलं. रुंद. जाड. मग डाव्या खांद्यावरून. मग मांड्यांवरून दोन. चार पट्ट्यांची टोकं पोटावर एका गोल लोखंडी बकलात अडकवायची असतात, पाण्याच्या बाटलीच्या तळाएवढं असतं ते. ते पोटावर बसलं. गार. खट्, खट्, खट्, खट्. चारही आत गेली.

डोळ्यांना पट्टे दिसत नव्हते. सदरा दिसत होता. सदऱ्यावर पट्ट्याएवढ्या रुंद चुण्या पडत होत्या.

मग पट्टा आवळला गेला. एकदा. आणि थांबून, पुन्हा एकदा.

दोनदा आवळायचं कुणी शिकवत नाही. ती एकाच माणसाची सवय होती. त्यांची.

डोक्यामागून एक हात पुढे आला. तेवढा मात्र दिसला. तरणा हात, तेलकट, नखांत काळं. अंगठ्याला चिंधी बांधलेली. ती चिंधी त्यांनीच बांधली होती... त्या नवव्या दिवशी सकाळी... पत्रा लागला होता म्हणून.

हात त्यांचाच होता.

मुठीत लाल फिती. मूठ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. एक. दोन. तीन. चार.

चार.

त्यांना ओरडायचं होतं. थांब. पंजा उघड. मोज. पण तोंड उघडलं आणि शब्द निघाले ते भलतेच.

"तू दाखवतोस म्हणजे पाचच असणार."

तोंड मास्तरांचं. आवाज बगळासाहेबांचा.

हाताने त्यांच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. प्रेमाने. मग पायऱ्या उतरल्या. सात.

वरून काहीतरी सरकत आलं आणि बंद झालं. हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. स्वतःचा श्वास तेवढा राहिला. तो समोर काचेवर उमटत होता... समोर काच नव्हती.

मग पोटात खड्डा पडला. खुर्ची हलली नाही. पण ते पडत होते. त्यांनी मांड्यांमध्ये हात घातला. मूठ सापडली. खेचली.

काही नाही.

पुन्हा. काही नाही.

दोन्ही हातांनी. पाय रोवून. काही नाही... काही नाही... काही...

अंधार.

शांतता.

आणि मग, खालून...

खण.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. उजवा खांदा, डावा खांदा, बकल, दोनदा आवळणं, मूठ. चार फिती. तोच आवाज. तीच काच. मांड्यांमधली तीच मूठ, न हलणारी.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी जीभ दातांत धरली, रक्त आलं, आणि कसाबसा शब्द बाहेर काढला. "चार. चारच आहेत. बघ रे. बघ." हात थांबला नाही. त्या पोराच्या कानात भोंगा वाजत होता. बावीस वर्षांच्या पोराला घाईत कोण काय ऐकवणार? थाप, थाप. सात पायऱ्या. काच.

किती वेळा झालं, मी एकदा विचारलं त्यांना. अकरा वेळा, म्हणाले. त्यांनी मोजलं होतं.

सकाळी पावणेसहाला मुलगी जागी झाली. बॅगा दाराशी, बाबांची गादी रिकामी. ती खाली आली. हॉलचं दार नुसतंच लोटलेलं होतं, आत दिवा चालू. मास्तर खुर्चीत ताठ बसलेले. खांदे मागे खेचलेले, हात मांड्यांमध्ये, ओठांवर रक्त वाळलेलं. डोळे उघडे.

तिने हाक मारली. ते तिच्याकडे बघत होते पण हलत नव्हते. तिने काखेत हात घालून उचलायला बघितलं. मास्तर म्हणजे काय, मूठभर माणूस, पन्नास किलो भरला तर भरला. ती धट्टीकट्टी बाई. तिला ते तसूभर हलले नाहीत. ती मला म्हणाली, "काका, मी खुर्चीसकट ओढत होते त्यांना. बाबा खुर्चीला शिवल्यासारखे होते." पट्टा एकही नव्हता, हे तिने त्याच वेळी पाहिलं.

ती रडायलाच लागली. म्हणाली, "बाबा, काय होतंय? बोला ना काहीतरी."

आणि मास्तर बोलले. तिच्या चेहऱ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून.

"चारच होत्या. पाचवी मी काढलीच नाही. बगळासाहेब माझ्यामुळे गेले."

खट्.

तिने ऐकला तो आवाज. त्यांच्या पोटाशी झाला. आणि मास्तर पुढे तिच्या अंगावर कोसळले.

जमिनीवर बसून, तिच्या खांद्याला टेकून त्यांनी तिला सगळं सांगितलं. नववा दिवस, पिशवी, कोठारातली पिन. तिला राग आला की दया, तिचं तिलाच कळेना. नंतर ती म्हणाली, दोन्ही आलं. पण तिने गाडीची किल्ली काढली. आधी डॉक्टर, बाकीचं मग.

"नाही," मास्तर म्हणाले. "बाई येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

सव्वादहाला बाई आल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, पांढरे केस बारीक कापलेले, पायात पळायचे बूट. एकट्याच आलेल्या. हॉल तोवर माणसांनी भरलेला, टेबलांवर फोटो, टोप्या, पत्रं मांडलेली. मास्तर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मी तुमच्या यजमानांच्या विमानाचा खुर्चीवाला, मला तुमच्याशी बोलायचंय.

कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघं गेले. मुलगी मागे उभी.

"बसा," बाई म्हणाल्या.

"उभ्यानेच सांगतो."

त्यांनी सांगितलं. काही गाळलं नाही, स्वतःला कुठे सोडवून घेतलं नाही. बाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सांगून झालं. पलीकडे कुणीतरी जोरात हसत होतं.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांनी ओढली असेल?"

"ओढली. शेवटपर्यंत ओढली, बाई."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही होतात का तिथे?"

मास्तरांनी दोन्ही हात उलटे करून पुढे धरले. तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, कातडी सोलून निघाली होती.

बाईंनी बघितलं आणि नजर वळवली. म्हणाल्या, "माझ्या मुलाला शाळेत पोरं चिडवायची. तुझा बाप भित्रा होता. त्यांना घरी मोठी माणसं सांगायची ना. तो चोपन्नचा झाला. बापाचा फोटो अजून भिंतीवर लावू देत नाही."

त्यांनी पिशवीतून फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला. मग म्हणाल्या, "ऐकतोयस का? बाबांनी ओढली होती... हो. ओढली होती. खुर्चीच चालली नाही... नाही, मी बरी आहे. तू ऐक आधी. बाबा घाबरले नव्हते." मग त्या नुसत्याच फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, त्या फोनमधून एका मोठ्या माणसाचं रडणं तिला ऐकू आलं.

फोन ठेवून बाई मास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला माफ केलं असं मला म्हणता येणार नाही. आज तरी नाही. तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर माझं पोर ताठ मानेने वाढलं असतं."

"हो," मास्तर म्हणाले.

"पण बसा आता. पडाल."

मास्तर बसले. बाईंनी पिशवीत हात घालून एक रुमाल काढला. संयोजकांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, टेबलावर ठेवायला काहीतरी आठवण आणा. "मला त्यांचं एवढंच मिळालं," त्या म्हणाल्या, आणि रुमाल उघडला.

आत एक बकल होतं. गोल, काळं पडलेलं, एका कडेला वितळलेलं. चार पट्ट्यांची जळकी टोकं अजून आत अडकलेली. अंगाला टेकते त्या मागच्या बाजूला चार आकडे ठोकलेले.

मास्तरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी सदऱ्याची बटणं काढायला घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे काय करताय?" त्यांनी ऐकलं नाही. सदरा बाजूला केला.

खांद्यांवरून खाली दोन वळ, मांड्यांकडून वर आलेले दोन. लालभडक. आणि बेंबीच्या वर, जिथे ते मिळतात तिथे, एक गोल. गोलात एका कडेला एक खाच. आणि आत चार आकडे, उलटे, आरशात दिसतात तसे.

बाईंनी बकल उचललं. आकड्यांची बाजू आत करून ते त्या वळावर टेकवलं.

बसलं. खाचेत वितळलेली कड बसली. आकड्यावर आकडा बसला.

गॅलरीतले पट्टे मुलीने दुपारी जाऊन पाहिले. ओलेच होते. त्यांना लटकलेल्या बकलावर दुसरेच आकडे होते.

पट्ट्यांचे वळ आठ दिवसांत गेले, गोलाचं मात्र मास्तर कधी बोलले नाहीत. हाताची कातडी भरून आली. मास्तर पुढे दोन वर्षं जगले, माझ्याबरोबर चालायचे, आणि दर फेब्रुवारीत बाईंकडे एकदा जाऊन यायचे. त्या चहा द्यायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. त्यांच्या बैठकीत आता फोटो लावलाय, एवढं मास्तर मला सांगायचे.

ते गेले त्या सकाळी त्यांना अंघोळ घालायला आम्ही चौघं होतो. पाणी मी ओतत होतो. सदरा काढला... आणि माझा हात थांबला.

तो गोल तिथेच होता. काल उठल्यासारखा ताजा. मी वाकून बघितलं.

आकडे आता सुलटे होते, आतून बाहेर ठोकल्यासारखे.